स्वतंत्र वेब डेव्हलपरचे निर्णय: काम घेण्यापासून ते सोपवण्यापर्यंत

एका सोमवारी सकाळी माझ्या एका क्लायंटचा फोन आला. त्यांची वेबसाइट उघडत नव्हती आणि शनिवारपासून एकही ईमेल आलेला नव्हता. सर्व्हर व्यवस्थित चालू होता, डेटाबेस जागेवर होता, कोडला कोणी हात लावलेला नव्हता. मुदत संपली होती ती डोमेनची, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरील नावाची. माझ्याआधी तिथे काम केलेल्या डेव्हलपरने ते डोमेन स्वतःच्या खात्यातून आणि स्वतःच्या ईमेल पत्त्यावर घेतले होते. पुढे त्याने हा व्यवसाय सोडला, तो पत्ता पाहणे सोडले, आणि नूतनीकरणाच्या सगळ्या सूचना तिथेच न वाचता पडून राहिल्या. डोमेन आमच्याच क्लायंटचे आहे हे रजिस्ट्रारला (डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला) कागदपत्रांनिशी पटवून देण्यात अकरा दिवस गेले. त्याच संध्याकाळी मी माझ्या कामांची यादी काढून बसले, तेव्हा माझ्याही तीन क्लायंटची डोमेन माझ्याच खात्यात निघाली. ज्या चुकीबद्दल मी दिवसभर हळहळत होते, ती मीही करत होते. तिचा परिणाम तेवढा अजून कोणाला भोगावा लागला नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक कामात मी स्वतःला एक प्रश्न विचारते: उद्या मी नसले, तर हे चालू राहील का? कंपनीत एक जण रजेवर गेला, तर दुसरा त्याचे काम पाहतो. एकट्याने काम करणाऱ्याच्या बाबतीत मात्र विक्री, हिशेब, कोड, सर्व्हर आणि तक्रारी हे सगळे एकाच डोक्यात असते, आणि या व्यवसायातील बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. दर ठरवणे, करार करणे, फ्रेमवर्क (कोड लिहिण्यासाठीचा तयार सांगाडा) निवडणे, बॅकअप घेणे हे निर्णय वरवर वेगवेगळे दिसले, तरी मला ते या प्रश्नावर घासून पाहावे लागतात. पुढील मार्गदर्शन काम ज्या क्रमाने पुढे सरकते, त्याच क्रमाने लिहिले आहे.

होकार देण्यापूर्वी

पहिल्या भेटीत क्लायंट बहुधा रंगांबद्दल, लोगोबद्दल आणि त्याला आवडलेल्या एखाद्या दुसऱ्या वेबसाइटबद्दल बोलतो. ते शांतपणे ऐकून घ्यावे, पण काम घ्यायचे की नाही हे त्यावरून ठरवू नये. त्यासाठी वेगळी माहिती लागते: अंतिम मान्यता कोण देणार, मजकूर आणि छायाचित्रे कोण व कधी देणार, साइट सुरू झाल्यावर ती रोज कोण हाताळणार, आणि ही साइट नसल्यामुळे आज नेमके काय अडते आहे. यांपैकी साइट हाताळणाऱ्या व्यक्तीचा विषय सर्वांत जास्त टाळला जातो. साइट हाताळणारी व्यक्ती कार्यालयात आहे, तिला वेळ आहे आणि तिला हे काम करायचे आहे, याची खात्री तिच्याशी प्रत्यक्ष बोलूनच होते. तंत्र निवडताना हीच व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

मान्यता देणारी व्यक्ती एकच असावी, असा माझा आग्रह असतो. सूचना पाच जणांनी द्याव्यात, त्याला हरकत नाही. पण त्या एकत्र करून, परस्परविरोधी असतील तर निवाडा करून, माझ्यापर्यंत एकाच व्यक्तीने पोहोचवाव्यात. हे सुरुवातीलाच सांगितले नाही, तर मधल्या टप्प्यावर एखादे विश्वस्त किंवा भागीदार प्रथमच साइट पाहतात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मजकुराबाबत माझा अनुभव स्पष्ट आहे: माझी बहुतेक कामे कोडमुळे नव्हे, तर मजकूर न मिळाल्यामुळे रखडली. म्हणून किमान तीन पानांचा खरा मजकूर हातात आल्याशिवाय मी डिझाइनला सुरुवात करत नाही. नमुन्याच्या मजकुरावर बेतलेले पान खरा मजकूर येताच बिघडते. तीन शब्दांसाठी ठेवलेल्या जागेत चौदा शब्दांचे शीर्षक येते, आडव्या छायाचित्रांच्या चौकटीत उभी छायाचित्रे येतात, आणि मग ते डिझाइन पुन्हा करण्याचा वेळ कोणाच्या हिशेबात धरायचा, यावरून कटुता निर्माण होते.

काही कामे नाकारावीच लागतात. काहीही लिहून न देता लगेच सुरुवात करण्याचा आग्रह, दुसऱ्या साइटची हुबेहूब नक्कल करण्याची मागणी, आधीच्या प्रत्येक डेव्हलपरबद्दल फक्त तक्रारीच ऐकू येणे, या खुणा दिसल्यावर नम्रपणे नकार दिलेला बरा. एकाच क्लायंटकडून वर्षाच्या निम्म्याहून अधिक उत्पन्न येऊ लागले, तर तो क्लायंट कितीही चांगला असला, तरी नवी कामे शोधण्यासाठी आठवड्यातील ठरावीक वेळ राखून ठेवावा. कारण त्याचे धोरण बदलले, की आपला व्यवसायच थांबतो.

दर कसा ठरवावा

नव्याने स्वतंत्र झालेले अनेक जण नोकरीतील पगाराला कामाच्या दिवसांनी भागतात आणि तोच आपला दर मानतात. यातील चूक आकड्यांत मांडली, की लगेच दिसते. वर्षाचे ५२ आठवडे आणि आठवड्याचे ५ दिवस धरले, तर २६० दिवस होतात. सुट्ट्या, सण आणि आजारपण यांचे ३० दिवस वजा केले, तर २३० उरतात. या २३० दिवसांतही चौकशांना उत्तरे देणे, कोटेशन लिहिणे, हिशेब ठेवणे, थकलेल्या पैशांसाठी फोन करणे आणि नवे शिकणे यांत वेळ जातो. माझ्या नोंदवहीप्रमाणे तो जवळपास निम्मा असतो. म्हणजे ज्यांचे पैसे लावता येतात असे दिवस ११५. घरखर्च, उपकरणे, सॉफ्टवेअर, कर, विमा आणि बचत मिळून वर्षाची गरज २,३०० एकके असेल, तर २६० ने भागल्यावर दिवसाचा दर नऊ एककांच्याही खाली येतो, आणि ११५ ने भागल्यावर तो २० येतो. दुपटीहून मोठे असलेले हे अंतर आपण रात्री जागून भरून काढू, असे वाटते. ते वर्षभरही टिकत नाही. प्रत्येकाने स्वतःच्या तीन महिन्यांच्या नोंदी ठेवून आपले प्रमाण काढावे आणि मगच दर सांगावा.

कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज करताना एकच आकडा काढू नये. साइटचे लहान लहान भाग पाडून प्रत्येक भागासाठी तीन आकडे लिहावेत: सगळे सुरळीत झाले तर, नेहमीसारखे झाले तर, आणि सगळे अडले तर. पहिल्या आकड्यात मधल्याची चौपट आणि शेवटचा आकडा मिळवून बेरजेला ६ ने भागले, की बराच विश्वासार्ह अंदाज मिळतो. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या क्षेपणास्त्र प्रकल्पाच्या नियोजनासाठी तयार झाली, पण लहान कामालाही ती तितकीच लागू पडते. जुन्या साइटवरील लेख नव्या साइटवर आणण्याचे उदाहरण घेऊ. सुरळीत झाले तर ६ तास, नेहमीप्रमाणे १० तास, आणि जुन्या छायाचित्रांचे दुवे तुटलेले निघाले तर २६ तास. उत्तर १२ तास येते. मनातल्या मनात आपण १० म्हणालो असतो. वरच्या दोन तासांपेक्षाही अधिक उपयोगाचे आहे ते तो २६ चा आकडा लिहिताना काय काय अडू शकते याचा करावा लागलेला विचार.

व्याप्ती स्पष्ट असेल, तर कामाची एकरकमी किंमत सांगणे दोघांनाही सोयीचे असते. मात्र दुसऱ्या कोणी लिहिलेला कोड हाती घ्यायचा असेल, तर तो आतून पाहिल्याशिवाय एकरकमी किंमत कधीही सांगू नये. अशा वेळी आधी दोन-तीन दिवसांची सशुल्क तपासणी सुचवावी आणि तिचा लेखी अहवाल द्यावा. क्लायंटने पुढचे काम दुसऱ्याला दिले, तरी तो अहवाल त्याच्या उपयोगी पडतो, त्यामुळे तपासणीचे पैसे मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

पैसे तीन हप्त्यांत घ्यावेत: एक हप्ता सुरुवातीला, एक स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) काम दाखवल्यावर आणि शेवटचा साइट लाइव्ह होण्यापूर्वी. हप्ता नेहमी घडलेल्या घटनेशी जोडावा, समाधानाशी नव्हे. ‘क्लायंटचे पूर्ण समाधान झाल्यावर’ असे लिहिले, तर तो दिवस कोणता हे कोणालाच ठरवता येत नाही. त्याऐवजी ‘स्टेजिंगवर काम दाखवल्यापासून १० दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर हा टप्पा मान्य समजला जाईल’ असे लिहावे.

करारात काय लिहावे

करार वकिली भाषेत असण्याची गरज नाही. तो दोघांनाही एकाच अर्थाने कळणे महत्त्वाचे आहे. ‘साइटवर शोधण्याची सोय असेल’ हे वाक्य मी एकदा लिहिले होते. क्लायंटला त्यातून त्यांच्या साइटवरील शेकडो पीडीएफ फाइलींच्या आतला मजकूर शोधता येणे अपेक्षित होते, आणि मी फक्त लेखांचा विचार केला होता. त्यांची अपेक्षा चुकीची नव्हती. माझे वाक्य अपुरे होते. आता मी असे लिहिते: ‘लेखांच्या शीर्षकांत आणि मजकुरात शब्द शोधता येईल. जोडलेल्या फाइलींच्या आतला मजकूर या कामात शोधला जाणार नाही.’ प्रत्येक सोयीबद्दल दुसरे, नकारार्थी वाक्य लिहिण्याची सवय लावून घ्यावी. वाद होतात ते जवळपास नेहमीच त्या न लिहिलेल्या दुसऱ्या वाक्यावरून.

कामाच्या मध्ये नवी मागणी आली, तर फोनवर हो म्हणू नये. त्याच दिवशी छोटासा ईमेल पाठवावा, त्यात मागणी काय, तिला किती वेळ आणि पैसे लागतील आणि मुदत किती पुढे जाईल हे लिहावे, आणि उत्तर आल्यावरच काम सुरू करावे. एखादी मागणी मोफत करून द्यायची असेल, तरीही ईमेल पाठवावा आणि त्यात रक्कम शून्य लिहावी, म्हणजे जादा काम झाल्याची नोंद राहते.

कोडची मालकी हा विषय अनेकदा शेवटी निघतो आणि तोवर उशीर झालेला असतो. अनेक देशांच्या कायद्यांत स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट लेखी हस्तांतर झाल्याशिवाय त्याच्याकडेच राहतो, तर क्लायंट मात्र पैसे दिले म्हणजे सगळे आपले झाले असे धरून चालतो. म्हणून करारात तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात. या कामासाठी खास लिहिलेला कोड पूर्ण पैसे मिळाल्यावर क्लायंटचा होईल. आपण प्रत्येक कामात वापरतो ती स्वतःची साधने आपलीच राहतील आणि क्लायंटला ती वापरण्याचा कायमचा परवाना असेल. आणि मुक्त स्रोताचे (ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो असे) घटक त्यांच्या त्यांच्या परवान्यांनुसार असतील. वर्डप्रेस ही साइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली जीपीएल या परवान्याखाली येते, ज्यात बदललेला कोड वाटताना तोही खुलाच ठेवावा लागतो, त्यामुळे त्यावर केलेले काम पूर्णपणे बंदिस्त ठेवण्याचे आश्वासन देऊ नये. फॉन्ट आणि छायाचित्रे यांचे परवाने क्लायंटच्या नावावर घ्यावेत. आपल्या नावावरचा परवाना आपल्याबरोबर निघून जातो.

काम अर्धवट थांबले तर काय, हेही एका परिच्छेदात लिहावे. झालेल्या टप्प्यापर्यंतचे पैसे, झालेल्या टप्प्यापर्यंतचा कोड, आणि किती दिवस प्रतिसाद न मिळाल्यास काम थांबले असे समजायचे तो आकडा, एवढे पुरते.

तंत्राची निवड

या निर्णयाबद्दल डेव्हलपर सर्वांत जास्त बोलतात, आणि माझ्या मते त्यात सर्वांत जास्त चुकतातही, कारण आपल्याला काय शिकायचे आहे आणि क्लायंटला काय हवे आहे, यांची इथे नकळत सरमिसळ होते. नवे फ्रेमवर्क शिकण्याची ओढ चांगलीच आहे. ती आपल्या स्वतःच्या साइटवर भागवावी. क्लायंटची साइट पाच-सात वर्षे चालायची असते, आणि त्या काळात तंत्रांचे आयुष्य संपत जाते. २०१० साली आलेल्या अँगुलरजेएस या फ्रेमवर्कची अधिकृत देखभाल २०२१ च्या अखेरीस थांबली. व्ह्यू या फ्रेमवर्कच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपली. फ्लॅश हे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन दाखवण्याचे तंत्र तर ३१ डिसेंबर २०२० नंतर पूर्णपणे बंद झाले, आणि ज्या संस्थांचे सारे साहित्य त्यात होते, त्यांना ते नव्याने उभे करावे लागले.

सुरुवातीच्या काळात मी एका संस्थेसाठी स्वतःचे व्यवस्थापन पॅनल लिहिले होते. वर्डप्रेस जड वाटले म्हणून मी ते पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत पहिल्या ओळीपासून लिहिले, आणि ते खरोखर हलके व वेगवान होते. त्यात मायएस्क्यूएल या डेटाबेसशी जोडणी करणारी जुनी फंक्शन्स वापरलेली होती. पीएचपीच्या ७.० आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली, आणि २०१८ च्या अखेरीस त्याआधीच्या ५.६ आवृत्तीला मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्याही थांबल्या. होस्टिंग कंपनीने जुनी आवृत्ती बंद करण्याची तारीख कळवली, तेव्हा तो कोड उघडून पाहू शकणारी मी एकटीच होते. माझ्यानंतर आलेला कोणताही डेव्हलपर वर्डप्रेसची साइट तासाभरात समजून घेऊ शकला असता. माझे पॅनल समजून घ्यायला त्याला आठवडा लागला असता. सगळा कोड मी विनामूल्य पुन्हा लिहून दिला, कारण निर्णय माझा होता.

म्हणून निवड करताना हे तंत्र किती चांगले आहे, यापेक्षा ते जाणणारे दुसरे किती जण सहज मिळतील, हे आधी पाहावे. २००३ साली सुरू झालेल्या वर्डप्रेसवर आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट चालतात. त्याच्या मर्यादा खूप आहेत, पण माझ्या जागी दुसरा डेव्हलपर मिळणे ही त्यातील सर्वांत कमी अडचणीची गोष्ट आहे. ज्या साइटचा मजकूर वर्षातून दोन-तीनदाच बदलतो, तिला डेटाबेसची गरजच नसते; साध्या एचटीएमएल फाइलींची स्थिर साइट तयार करावी, कारण जिथे चालणारे भाग कमी, तिथे बिघडणारे भागही कमी. रिॲक्टसारखे फ्रेमवर्क तिथे वापरावे, जिथे वापरकर्ता एकाच पानावर बराच वेळ काम करतो: आरक्षणाचे पटल, हिशेबाचे साधन, नकाशावरील शोध. पाच पानांच्या माहितीपर साइटसाठी ते ओझेच होते.

बाहेरून घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीचा (तयार कोडच्या संचाचा) आणि प्लगइनचा (साइटला जादा सोय जोडणाऱ्या भागाचा) भार आपल्याच डोक्यावर येतो, हे लक्षात ठेवावे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एका वादानंतर एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतले, आणि त्यावर अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड (कोडपासून चालणारी आवृत्ती तयार करण्याचे काम) जगभर थांबले. बहुतेकांना आपण ते वापरतो हेही ठाऊक नव्हते. प्लगइन घेण्यापूर्वी त्याची शेवटची आवृत्ती कधी आली, तक्रारींना उत्तरे मिळतात का, आणि तेच काम आपल्या वीस-तीस ओळींत होईल का, हे पाहावे. निवडलेल्या प्रत्येक तंत्राची देखभाल कधी संपणार आहे, त्या तारखा एका कागदावर लिहून क्लायंटला द्याव्यात. पीएचपीच्या प्रत्येक आवृत्तीला आता साधारण चार वर्षे आधार मिळतो, त्यामुळे आवृत्ती बदलण्याचा खर्च अचानक येत नाही, तो आधीच मांडून ठेवता येतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी लिहून दिलेल्या कोडलाही हीच कसोटी लावावी. ती साधने वापरण्यात गैर काही नाही, पण जी ओळ मी क्लायंटला किंवा माझ्या जागी येणाऱ्या डेव्हलपरला समजावून सांगू शकत नाही, ती मी साइटवर जाऊ देत नाही.

खाती, बॅकअप आणि बंद पडलेला फॉर्म

डोमेन, होस्टिंग, ईमेल आणि आकडेवारी पाहण्याचे साधन, ही सगळी खाती क्लायंटच्या नावावर आणि क्लायंटच्या कार्डावर असावीत, आणि आपल्याला त्यांत सहकारी म्हणून प्रवेश असावा. खात्याचा ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडले, की तो पत्ताही बंद पडतो आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा कुठेच पोहोचत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगात आम्ही वेळेत पोहोचलो. डॉट कॉमसारख्या डोमेनची नोंद रद्द झाल्यावर ते जादा शुल्क भरून सोडवून घेण्यासाठी ३० दिवस मिळतात, आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते नाव कोणालाही घेता येते.

बॅकअप घेतला जातो आहे, एवढ्यावर विसंबू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या त्यांच्या अनेक व्यवस्था प्रत्यक्षात चालत नव्हत्या असे आढळले, आणि योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीवरून साइट उभी करावी लागली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांच्या बॅकअपच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांचे दोन्ही गेले. म्हणून एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनी रिकाम्या सर्व्हरवर त्या प्रतीवरून साइट प्रत्यक्ष उभी करून पाहावी. त्याला किती मिनिटे लागली, हे लिहून ठेवावे. साइट बंद पडल्यावर क्लायंट पहिला प्रश्न तोच विचारतो.

एचटीटीपीएसच्या (साइटशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीच्या) प्रमाणपत्रांचे नूतनीकरण हाताने करण्याचे दिवसही आता संपले. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने सुरुवातीपासून ९० दिवसांची प्रमाणपत्रे दिली, आणि २०२५ मध्ये झालेल्या निर्णयानुसार मार्च २०२९ पासून कोणत्याही सार्वजनिक प्रमाणपत्राची मुदत ४७ दिवसांहून जास्त असणार नाही. नूतनीकरण आपोआप होत नसेल, तर ती साइट अपूर्ण समजावी.

संपर्क फॉर्मबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तो बंद पडला तरी बाहेरून काहीच दिसत नाही. माझ्या एका साइटवरचा फॉर्म भरल्यावर ‘धन्यवाद, आपला संदेश मिळाला’ असे नीट उमटत होते, आणि जवळपास सहा आठवडे क्लायंटला एकही चौकशी पोहोचलेली नव्हती. त्यांना वाटले, हंगामच मंदीचा आहे. कारण असे होते की फॉर्मचा ईमेल भेट देणाऱ्याच्याच पत्त्यावरून आल्यासारखा पाठवला जात होता, आणि त्या पत्त्याच्या डोमेनने आमच्या सर्व्हरला तशी परवानगी दिलेली नसल्यामुळे तो ईमेल खोटा समजून नाकारला जात होता. दुरुस्ती दोन ओळींची होती: पाठवणाऱ्याच्या जागी साइटच्याच डोमेनवरचा पत्ता घालायचा आणि उत्तर कोठे द्यायचे त्या जागी भेट देणाऱ्याचा पत्ता ठेवायचा. त्याबरोबरच डोमेनच्या नोंदींत एसपीएफ आणि डीकेआयएम (ईमेल खरोखर त्याच डोमेनचा आहे हे पडताळू देणाऱ्या नोंदी) बसवावेत, प्रत्येक संदेशाची एक प्रत डेटाबेसमध्ये जतन करावी आणि महिन्यातून एकदा स्वतः फॉर्म भरून तो क्लायंटच्या हातात पोहोचला का, हे फोन करून विचारावे. त्या सहा आठवड्यांत ज्यांनी मदतीसाठी लिहिले आणि ज्यांना उत्तर मिळाले नाही, त्यांचा विचार आजही माझ्या मनात येतो.

लाइव्ह करण्यापूर्वीच्या तपासणीत आपल्या चांगल्या संगणकावर विसंबू नये. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतील फरकाचे (कॉन्ट्रास्टचे) प्रमाण किमान ४.५ : १ असावे, सगळी साइट माउसशिवाय नुसत्या कीबोर्डने वापरता यावी, पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा आणि बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा. सुलभतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आहे, आणि युरोपीय संघात जून २०२५ पासून अनेक सेवांसाठी सुलभता कायद्याने बंधनकारक झाली आहे. क्लायंटने मागितले नाही म्हणून हे वगळू नये. अंध वापरकर्ता त्या भेटीत हजर नसतो, त्याच्या वतीने आपणच बोलायचे असते.

देखभाल आणि सोपवणूक

साइट सुरू झाल्यावर देखभालीचा वेगळा करार करावा, किंवा देखभाल आपल्याकडे नाही असे स्पष्ट लिहून द्यावे. मधली अवस्था दोघांनाही त्रासाची ठरते. देखभालीत महिन्याला किती तास, कोणत्या आवृत्त्या अद्ययावत करणार, साइट बंद पडली तर किती वेळात उत्तर देणार, आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी काय, हे लिहावे. एकट्याने काम करणाऱ्याने चोवीस तास उपलब्ध राहण्याचे आश्वासन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही आणि क्लायंट मात्र त्यावर विसंबून राहतो. त्याऐवजी आपल्यासारख्याच एका विश्वासू डेव्हलपरशी परस्पर करार करावा: एक जण आजारी पडला, तर दुसरा त्याच्या क्लायंटच्या तातडीच्या अडचणी ठरलेल्या दराने पाहील. त्यासाठी क्लायंटची लेखी संमती घ्यावी, आणि पासवर्ड ईमेलने न पाठवता पासवर्ड मॅनेजरमधून द्यावेत. हा करार केल्यानंतरच मला माझी पहिली खरी रजा घेता आली.

काम सोपवताना नुसती फाइल पाठवून थांबू नये, तर क्लायंटच्या माणसाबरोबर दोन तास बसावे. संगणक त्याचा असावा आणि हातही त्याचाच असावा. त्याने स्वतः डोमेनच्या खात्यात शिरून नूतनीकरणाची तारीख वाचून दाखवावी, एक लेख लिहून प्रसिद्ध करावा, तो मागे घ्यावा आणि बॅकअपची फाइल कोठे आहे ते शोधून काढावे. जिथे तो अडेल, ती जागा आपण लिहून दिलेल्या माहितीपत्रात दुरुस्त करावी. माझ्या पहिल्या माहितीपत्रात अशा नऊ जागा निघाल्या होत्या. माहितीपत्र चार-पाच पानांचे पुरते: कोणती खाती कोठे, रिपॉझिटरी (कोड व त्याचा इतिहास साठवण्याची जागा) कोठे, साइट नव्या सर्व्हरवर उभी करण्याच्या पायऱ्या, आपोआप चालणारी कामे, आणि कशाची मुदत कधी संपते. ते छापून एक प्रत कार्यालयात ठेवायला सांगावे, कारण सर्व्हर बंद असताना सर्व्हरवरचे माहितीपत्र उघडत नाही.

नाते संपत असेल, मग ते कोणत्याही कारणाने असो, तर पैसे मिळाल्यावर सोपवणूक लांबवू नये. डेटाबेसची ताजी प्रत आणि कोडचा पूर्ण इतिहास द्यावा, नव्या डेव्हलपरच्या प्रश्नांसाठी ठरावीक तास राखून ठेवावेत, आणि त्याचे काम सुरू झाल्यावर प्रत्येक खात्यातून आपला प्रवेश क्लायंटसमोर काढून टाकावा. सामायिक असलेले पासवर्ड त्यांनाच बदलायला लावावेत, आपल्या संगणकावरची त्यांच्या ग्राहकांची माहिती पुसून टाकावी, आणि कोणते खाते कोणत्या तारखेला सोडले, याची यादी ईमेलने पाठवून तिची पोच घ्यावी.